मातीच्या भिंतीवर गुलाबी रंग

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते दार खरवडायचं. सागाचं जुनं दार, बिजागऱ्यांतून काढून बाजेवर आडवं टाकलेलं. एका बाजूला ती, माझी बायको, एका बाजूला मी. हातात फुटक्या काचेचे तुकडे, बोट कापू नये म्हणून चिंधी गुंडाळलेले. आधीच्या लोकांनी त्या दारावर ऑइलपेंट चोपडून ठेवला होता. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली परत हिरवा. घरात लग्न निघालं की एक थर, असं करत आलेले. खरवडलं की त्याची सालं निघायची, नखांत शिरायची, आणि ऊन लागलं की असा वास सुटायचा की चहा गोड लागेना.

ती माझ्या बाजूला वाकून बघायची आणि नाक मुरडायची.

"तुम्हनी बाजू देखा. मांजर नखे मारी गयी तशी."

मी म्हणालो, तुझ्या बाजूला सरळ फळी आहे, माझ्या बाजूला गाठी आहेत. त्यावर ती म्हणाली, "हो तर. जलमभर मन्हाच वाटाले सरय फयी उनी, नही?"

मी हसलो. ती हसली नाही, पण तिला बरं वाटलेलं मला कळलं. मग तिनं काळा चहा केला, आम्ही प्यालो, आणि ती म्हणाली जरा पाठ टेकते. मी खरवडत राहिलो. ऊन सरकून दारावर आलं तशी मी बाज सावलीत ओढायला तिला हाक मारली. दुसरी मारली. मग आत गेलो.

त्याच्यावर मला जास्त लिहायचं नाही. लिहायचं आहे ते घराबद्दल, आणि त्या घरावर लोकांनी जे केलं त्याबद्दल. तेवढं एकच तिच्या हातचं माझ्याकडे उरलं होतं.

मी शिकलेला नाही. चौथीत पाटी ठेवली. नंदुरबारला मिरचीच्या बाजारात पोती वाहिली, जन्म त्यातच गेला. ती मिरचीचे देठ तोडायला बसायची, इतर बायांबरोबर, तोंडाला फडकं बांधून. संध्याकाळी घरी आली की पोरगं तिच्या हाताला शिवायचं नाही, डोळ्यांची आग व्हायची. राहायला पत्र्याची खोली. पुढं पोरगा शिकला, नोकरीला लागला, त्यानं नंदुरबारातच स्लॅबचं घर बांधलं आणि आम्हाला वरची खोली दिली. चांगल्या मनानं दिली, खोटं कशाला बोलू. पण उन्हाळ्यात ती खोली म्हणजे भट्टी. मध्यरात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका. पंखा फिरायचा तो गरम हवा खाली ढकलायला. ती ओला टॉवेल छातीवर टाकून पडायची आणि आढ्याकडे बघत म्हणायची, ह्या माणसांनी पैसे देऊन हे विकत घेतलं.

कोरीटला नात्यात एक साखरपुडा होता, तिथं जेवून आम्ही गावात जरा फिरलो. तिथं ते घर दिसलं. लहान. दोन खोल्या, पुढं ओटा, वर धाबं. ज्यांनी धाबं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या, फळ्यांवर माती, आणि सगळ्यात वर खारी, म्हणजे पांढरट खारट माती. पाणी पडलं की ती फुगून घट्ट बसते आणि गळू देत नाही. दरवर्षी नवी टाकावी लागते. ह्या घराच्या धाब्यावर मात्र गवत उगवून वाळलेलं होतं. मालक सुरतेला गेलेला, चावी त्याच्या चुलत भावाकडे. भाऊ म्हणाला, बघायचं तर बघा, पण उद्या-परवा खांबवाला येणार आहे.

खांबवाला म्हणजे कोण ते मला तेव्हा कळलं. जुनी घरं फिरून बघायची, माती फुकट, लाकूड विकत. खांब, तुळया, चौकटी उपटून गाडीत भरून न्यायच्या आणि मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना विकायच्या. तिथले लोक त्या खांबांना टेकून जेवतात म्हणे. आणि इकडे ज्याचं घर पाडलं तो त्या पैशात पत्रे आणि फरशी आणतो आणि सगळ्या गावाला बोलावून दाखवतो. दोघंही खूश. मला दोघांचीही शिसारी येते.

आम्ही आत गेलो. आत आधी शेळ्या बांधायचे, लेंड्यांचा हातभर थर. कोपऱ्यात कुणीतरी हागून ठेवलेलं. भिंतींतल्या गोखल्यांत गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या. गोखला म्हणजे दिवा नाहीतर सटरफटर ठेवायला भिंतीत ठेवलेला कोनाडा. खांबांवर खिळेच खिळे, त्यांवर पुढाऱ्यांचे फोटो, त्यांवर पानाच्या पिंका. मी नाकाला रुमाल लावला. ती मात्र पदर खोचून पलीकडच्या खोलीत गेली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाहेर लग्नसराईचं ऊन, आत गारवा.

"आठे झोप ई माले," ती म्हणाली.

खांबवाला जेवढे देणार होता तेवढेच आम्ही दिले. म्हणजे घर आम्हाला खांबांच्या भावात पडलं, भिंती आणि धाबं फुकट. पोरगा रागावला. त्याला वाटलं आम्ही त्याच्या घरावर रुसून चाललो. मेव्हण्यानं, म्हणजे तिच्या भावानं, सगळ्या नात्यात सांगितलं की दाजींनी म्हातारपणी उकिरडा विकत घेतला. घेतला तर घेतला.

घाण काढायला आम्हाला सगळा हिवाळा लागला. लेंड्या शेतात गेल्या, त्या तरी कामाच्या होत्या. खरी घाण निघाली ती भिंतीतून. आधीच्या मालकानं कधीतरी मातीच्या भिंतींना खालून कमरेपर्यंत सिमेंट लावलं होतं, ओल दिसू नये म्हणून. मी पहिली छिन्नी मारली तसा सिमेंटचा पापुद्रा ताटाएवढा सुटून पायावर पडला आणि मागून जे दिसलं ते बघून मी दोन पावलं मागं झालो. भिंत नव्हती ती. काळा चिखल होता, पावसात भिजलेल्या गुळासारखा. त्यात किडे वळवळत होते, आणि वास मेलेल्या उंदराचा. मातीची भिंत पायातून ओल ओढते आणि अंगातून सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल सुटायला जागा नाही, ती आतल्या आत भिंत खाते. वरून बघाल तर चकाचक. हे मला कुणी शिकवलं नाही, त्या वासानं शिकवलं. नंतर कित्येक दिवस मला जेवताना तो वास यायचा.

सडलेलं सगळं काढलं, कच्च्या विटा थापून परत भरलं. विटा भरणं, चिखलाचा गारा तुडवणं, पोती उचलणं हे माझं. शेवटचा हात तिचा. माती, गव्हाचा भुसा, शेण, आणि भिजवून कुजवलेलं कसलं कसलं पाणी, हे ती ठरवायची. हाताच्या पंज्यानं फिरवत फिरवत भिंत गुळगुळीत करायची. वरून पांढरी माती. मी एकदा मदत करायला गेलो तर म्हणाली, तुमचे हात पोत्यांचे आहेत, पोत्यांनाच लावा. आतली एक भिंत, चुलीपासून दारापर्यंतची, तिनं एकटीनं केली. तिच्यात दोन गोखले. एकात तिचा फणी-करंडा, एकात माझी तंबाखू आणि चष्मा.

ह्या काळात लोक यायचे बघायला. गावातले यायचे, तोंड वाकडं करून जायचे. आता कोण मातीत राहतं, म्हणायचे, आणि आपल्या पत्र्याखाली जाऊन घामाघूम व्हायचे. एकदा कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याचं एक जोडपं आलं, मोबाइलवर चित्रं काढत. किती सुंदर, किती सुंदर करत होती दोघं. बाईनं हिला चुलीपुढं बसायला लावलं, फुंकणी हातात दिली, आमच्याकडे गॅस असताना. मग त्यांनी विचारलं संडास कुठं आहे. मागं आहे म्हटलं, नवाच बांधला होता, स्वच्छ. बघून आले आणि म्हणाले आम्ही रस्त्यात हॉटेलात जाऊ. ते गेल्यावर हिनं फुंकणी अशी आपटली की मांजर पळालं. तिरस्कार करणारे परवडले, असल्या कौतुकवाल्यांचा मला जास्त वीट आला.

आम्ही त्या घरात एक उन्हाळा पूर्ण झोपलो. दुसरा लागला आणि ती गेली.

नातेवाईक आले. तिला नेलं, करायचं ते सगळं झालं. आमच्याकडे मग द्वारदर्शन असतं. लोक भेटायला येतात, घरातल्या माणसानं दाराजवळ चटईवर बसून राहायचं, ते येतात, जरा बसतात, पाणी न पिता जातात. दार बाजेवर उघडं पडलेलं, अर्धं खरवडलेलं, चौकट रिकामी. मी त्या रिकाम्या चौकटीजवळ बसलो. प्रत्येकजण आधी चौकटीकडे बघायचा, मग वर धाब्याकडे, मग माझ्याकडे. बायका आत जाऊन कुजबुजायच्या. मला ऐकू कमी येतं असं त्यांना वाटतं. म्हातारीकडून ह्या वयात माती तुडवून घेतली, एक म्हणाली. धूळ छातीत बसली, दुसरी म्हणाली. तिसरीनं विचारलं तिच्या पाटल्या कुणाकडे आहेत.

जिथं जीव गेला तिथं दिवा लावतात, शेजारी पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं पिठात कसलं पाऊल उमटलं, म्हणजे माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. सकाळी सगळ्या बाया गुडघ्यांवर बसून पिठात डोकावल्या. एक म्हणाली गायीचं खूर आहे, पुण्यवान होती. एक म्हणाली चिमणी. दोघींची जुंपली, की गाय मोठी की चिमणी मोठी. मी उठून बघितलं आणि सांगितलं, उंदीर आहे, ह्या घरात उंदीर आहेत, ती असताना पण होते. सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं मीच त्या पिठात तोंड घातलंय.

 त्या सकाळी पोरगा ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला आणि खाली बघत म्हणाला, "आबा, ह्या घरनी मन्ही मायले खादं."

मी त्याला म्हणालो, "तुन्ही माय जलमभर मिरचीना ठसकामा बठनी. तवय कोनी सबद काढा नही."

तो उठून गेला. रडत गेला हे मला दिसलं. पण मी बोललो ते खोटं नव्हतं, म्हणून मी काही परत घेतलं नाही.

अस्थी घेऊन आम्ही प्रकाशा तीर्थाला गेलो, तापीत सोडल्या. तिथून पोरानं गाडी गावाकडे वळवलीच नाही, सरळ नंदुरबारला आणली. म्हणाला, तिथं दाराला दार नाही, पाहुण्यांची सोय नाही, गंधमुक्तीपर्यंत इथंच राहा. गंधमुक्ती म्हणजे सुतक संपायचा दिवस, त्या दिवशी सगळा गोतावळा जेवायला येतो. कार्य कोरीटलाच करू, त्यानं कबूल केलं, तिची तीच इच्छा असणार. मला बरं वाटलं. परत वरच्या खोलीत, त्या तापलेल्या स्लॅबखाली झोपलो. झोपलो कसला. सुतकातल्या म्हाताऱ्याला काही काम करू देत नाहीत. हातात पाणी, हातात ताट. उठलो की कुणीतरी म्हणायचं बसा. मेव्हणा रोज सकाळी मोटारसायकल काढून कुठं जायचा, संध्याकाळी पँटला पांढरे ठिपके घेऊन यायचा. मी विचारलं नाही. मला वाटलं मंडपवाल्याकडे जातो.

गंधमुक्तीच्या सकाळी मला गाडीतून घरी आणलं. ओट्यावर मंडप, खुर्च्या, एका बाजूला आचारी. पोरगा माझा हात धरून मला आत घेऊन गेला, आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं, लहानपणी शाळेतून चांगले मार्क घेऊन यायचा तसं.

आतली भिंत गुलाबी होती.

खालपासून वरपर्यंत सिमेंटचं प्लास्टर, त्यावर गुलाबी ऑइलपेंट, चकचकीत, माझं तोंड त्यात दिसत होतं. दोन्ही गोखले बुजवलेले. चुलीमागं देवांची चित्रं असलेल्या टाइल्स चिकटवलेल्या. मधोमध तिचा फोटो, मोठा केलेला, त्यात तिला कुणीतरी जन्मात न लावलेली लिपस्टिक लावलेली, गळ्यात हार. फोटोचा खिळा ठोकताना भिंतीत ड्रिल गर्रकन आत गेलं म्हणे, म्हणून भोकात काड्या आणि सिमेंट भरून तो बसवला. मेव्हण्यानं हे मला गंमत म्हणून सांगितलं. पक्की धरली दाजी, म्हणाला, आतून पोकळ होती तुमची भिंत.

मी विचारलं, गोखल्यातलं सामान कुठं आहे. पोरगा म्हणाला, मायचं सगळं कपड्यांबरोबर दान केलं, तुमचा चष्मा माझ्याकडे आहे. मग त्यानं मला समजावलं. इतके लोक येणार, मातीची भिंत, पोपडे, मायच्या कार्याला, "लोके काय म्हनतीन?" त्यानं स्वतःच्या सुट्ट्या घालवून, मिस्तरीच्या डोक्यावर उभं राहून हे करून घेतलं होतं. तिच्यासाठी. मला ते कळत होतं.  पोरानं रागानं भिंत फोडली असती तर मी त्याला दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. त्यानं प्रेमानं तिच्या हातांवर सिमेंट ओतलं होतं, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काय म्हणतो म्हणून.

मी बाहेर बादलीकडे गेलो. डोक्यावरून पाणी घेतलं, पोरानं मला सुतक फिटल्याची टोपी घातली, बसलो. लोक आले. ज्यांनी द्वारदर्शनाला तोंड वाकडं केलं होतं तेच आता भिंतीवर बोटं टेकवून बघत होते. झकास. आता घरासारखं घर दिसतं. वहिनी असती तर खूश झाली असती. एकानं भिंतीला पाठ टेकली तर सदऱ्याला गुलाबी लागला, त्यावरून मोठा हशा. पंगती उठल्या. बुंदी, भाजी, कढी, परत बुंदी. लोक तिच्या फोटोखाली बसून ढेकर देत होते. नव्या रंगाचा वास आणि तुपाचा वास एकत्र झाला होता. मला एक घास गेला नाही. दुःखानं खात नाहीत, लोक म्हणाले. दुःख होतं, पण घास त्या वासानं उतरेना.

संध्याकाळी जवळचे तेवढे राहिले. मेव्हण्यानं खुर्ची ओढली आणि बोलायला सुरुवात केली. त्यांचं आपसात ठरलेलं होतं, हे मला त्याच्या पहिल्या वाक्यात कळलं. उद्या सकाळी मिस्तरी येणार. आतली भिंत आता पक्की झालीच आहे, बाकीच्या पण तशाच करायच्या, धाबं उतरवून वर स्लॅब टाकायचा. मग हे घर भाड्यानं जाईल, नाहीतर चांगल्या भावात विकलं जाईल. लाकूड नेणारा माणूस पण उद्याच टेम्पो घेऊन येतो, तोच तो, आधीचा.

"दाजी, आते एकला मानूस. माटीना घरमा काय करशात?"

कागद माझ्या नावाचा आहे. पण म्हातारा एकटा उरला की कागदाला कोण विचारतं. सगळे माझ्याऐवजी पोराकडे बघत होते. मी पोराला एवढंच सांगितलं की ह्या भिंतीवर स्लॅब टाकाल तर एक-दोन पावसाळ्यांत ती भिंत खाली बसेल, स्लॅब घेऊन. सिमेंटच्या मागं भिंत सडते, मी डोळ्यांनी पाहिलंय, आम्ही दोघांनी ते हातांनी उपसलंय. तो म्हणाला, आबा, ते जुनं सिमेंट होतं, आता चांगलं येतं. मेव्हण्यानं मान हलवली. दुसऱ्या एकानं पण हलवली. मला त्या मानांकडे बघवेना. मी उठून बाजेकडे गेलो, ते अर्धं खरवडलेलं दार खाली उतरवून भिंतीला टेकवलं आणि बाजेवर पडलो. दिवसभराच्या बुंदीच्या माश्या घरात घोंगावत होत्या.

सकाळी उजाडायच्या आत उठलो. पाहुणे ओट्यावर सतरंज्या टाकून ओळीनं झोपलेले, तोंडं उघडी. मिस्तरीची हत्यारांची पिशवी कोपऱ्यात होती. त्यातून छिन्नी आणि हातोडी घेतली. आधी तिचा फोटो काढला आणि दुसऱ्या खोलीत ठेवला, पालथा. मग शिडी लावली.

पहिला घाव गोखल्याच्या जागी घातला, जागा मला अंधारातही माहीत होती. सिमेंट कच्चं होतं, लवकर सुटलं. आत विटांचे तुकडे भरले होते, ते काढले, मागं काही नव्हतं. दुसरा गोखला उघडला. मग वरून खाली लागलो. बाहेर ओट्यावर आवाज सुरू झाले, कुणी म्हणालं छत पडलं, कुणी पळालं. मेव्हणा चहाचा कप घेऊन दारात आला आणि धुळीनं खोकत परत गेला. त्याच्या चहाच्या कपात गुलाबी साय धरली असणार.

पोरगा आत आला. शिडीखाली उभा राहिला.

"आबा, खाले उतरा," तो म्हणाला. मग परत म्हणाला, हळू आवाजात. मी छिन्नी लावत राहिलो. त्यानं शिडी धरली. उतरवायला धरली की मी पडू नये म्हणून धरली, मी खाली बघितलं नाही.

मिस्तरी आला तोवर चांगलं उजाडलं होतं. त्यानं आधी आपली पिशवी शोधली, मग माझ्याकडे बघितलं. बोट लावून त्यानं भिंत तपासली. सिमेंटचा पापुद्रा निघत होता तो एकटा निघत नव्हता, मागची तिची माती घेऊन निघत होता, गुळगुळीत, भुशासकट, अंगठ्याएवढी जाड. मागं नुसत्या माझ्या ओबडधोबड विटा राहत होत्या.

"आबा, माटीबी संगेच उतरी ऱ्हायनी," मिस्तरी म्हणाला.

"माले दिखस," मी म्हणालो.

तिनं लावलेलं सगळंच जाणार होतं. नाही काढलं असतं तर घर गेलं असतं. तिच्या हाताची कातडी सोलून मी तिचं घर ठेवत होतो, आणि हे करायला मला ज्यांनी लावलं ते बाहेर चूळ भरत होते. तोंडात वाळू कचकचत होती, डोळ्यांत सिमेंट गेलेलं. मी थुंकलो आणि पुढची छिन्नी लावली.

टेम्पो दारात आला. त्या माणसानं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला, मग उतरून आत डोकावला आणि खांबांकडे बघत कुणाला तरी विचारलं की सुरुवात कुठून करायची.  पोरगा शिडी सोडून त्याच्याकडे गेला नाही. मी टाइल्सवर आलो, पहिल्या देवाच्या कडेला छिन्नी घातली आणि हातोडी उचलली.